हात पुढे, तोंड बंद

खलबत्त्यात काहीही कुटा, थोडं तळाशी चिकटून राहतंच. कितीही खरवडा! आमच्या दवाखान्यातल्या गोष्टींचं तसंच आहे. पेशंट बरा होऊन किंवा न होता घरी जातो, पण गोष्ट माझ्यापाशी ठेवून जातो.

मी बल्लारपूरला एका युनानी दवाखान्यात कामाला आहे. पुड्या बांधते, काढे उकळते, माजून घोटते. माजून म्हणजे मधात नाहीतर साखरेच्या पाकात घोटलेलं औषध. ते गॅसवर असलं की हात अडकलेले असतात, कान मात्र मोकळे. घरी जाऊन सांगायला लागले की नवरा म्हणतो, "सुनंदा, तू तिथी काम करतं का टीव्ही पाहतं?"

आता टीव्हीत इतकं कुठं असतं!

* * *

आधी आमच्याकडचा रिवाज सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे पेशंट आजार सांगत नाही. हकीमसाहेबांसमोर बसायचं, हात पुढे करायचा आणि तोंड बंद ठेवायचं. काय झालंय ते हकीमानं नाडी धरून ओळखायचं. गोंडपिपरीकडून, मूलकडून, पार आष्टीकडून लोक बस बदलून येतात ते औषधाला कमी आणि परीक्षा घ्यायला जास्त. हकीम पास झाला तर औषध घ्यायचं, नापास झाला तर गावभर सांगायचं.

हकीमसाहेब अजून नापास झालेले नाहीत. ते तीन बोटं मनगटावर ठेवतात, डोळे मिटतात, दाढीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "वांगं खाल्लं."

पेशंट गार! बायकोकडे पाहतो. बायको पदर तोंडाला लावते. युनानीत वांगं बऱ्याच आजारांना वर्ज्य, त्यामुळे चोरी पकडल्यासारखं होतं.

मी नवीन होते तेव्हा मलाही हा चमत्कार वाटायचा. एकदा विचारलंच, "साहेब, नाडीत वांगं कसं कळते जी?"

हकीमसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "सुनंदाबाई, थंडीच्या दिवसात आपल्या जिल्ह्यात वांगं नाई खाल्लेला मानूस दाखवा मले. दुकान बंद करतो!"

तसा एक माणूस निघाला. वरोऱ्याचा कापसाचा दलाल. त्याला साहेबांनी वांगं सांगितलं, तर तो छाती पुढे काढून म्हणाला, "नाई जी. नाईच खाल्लं."

दवाखान्यात सगळे श्वास रोखून बसले. हकीमसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. बोटं जरा दाबली आणि म्हणाले, "पन खावंसं वाटलं होतं."

"हो जी!" दलाल ओरडलाच. "परवा शेजाऱ्याकडे फोडणीचा वास आला होता!"

तो अजूनही माणसं पाठवतो.

* * *

मग नसरीन आली.

नसरीन म्हणजे हकीमसाहेबांची एकुलती एक मुलगी. रीतसर युनानीची डिग्री घेऊन आलेली डॉक्टर. तिनं वडिलांच्या गादीसमोर आपलं टेबल मांडलं, बीपीचं मशीन ठेवलं, नवा पडदा लावला. पहिला पेशंट आला, कोठारीकडचा एक म्हातारा. बसला. हात पुढे केला.

नसरीन गोड हसून म्हणाली, "काय होतंय काका?"

म्हातारा तिच्याकडे पाहतच राहिला. "मले मालूम असतं, तर मी इथी काऊन आलो असतो?"

"पण सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

म्हातारा उठला. बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींना जाऊन सांगितलं, "तिकडं नोका जाऊ. तिले काई येत नाई. आपल्यालेच विचारते, का होते म्हून!"

झालं! त्या दिवसापासून वडिलांसमोर रांग दारापर्यंत आणि मुलीसमोर रिकामी खुर्ची. एखादा बसायचा, तो रांगेत पाय दुखले म्हणून. नंबर आला की उठून समोर जायचा.

एकदा हकीमसाहेबांनी तिला समजावलं, "बेटा, विचारू नको. वांगं सांग."

"मी वांगं सांगणार नाही," नसरीन म्हणाली. "मी पाच वर्षं शिकले ते वांगं सांगायला नाही, अब्बा. विचारल्याशिवाय तुम्हालाही कळत नाही."

"नाई कळत," हकीमसाहेब शांतपणे म्हणाले. "पन मी बोलत बोलत काढून घेतो, अन त्यांले वाटते मीच सांगितलं. तू सरळ विचारतं. सरळ विचारलं की मानूस घाबरते."

नसरीननं पाठ फिरवली. दोघंही हट्टी. घराणंच तसं आहे.

गंमत बाजूला ठेवून सांगते, मला या पोरीची फार काळजी वाटायची. साहेबांची नजर अधू झाली आहे, बरणीवरची चिठ्ठी मी वाचून दाखवते. शेजारचा मोबाईलवाला येता-जाता गाळ्याची चौकशी करतो, आणि ती करताना आमच्या भिंती मापतो. नसरीनला पेशंट मिळाले तर दवाखाना राहील. नाही मिळाले तर शटर पडेल, नसरीन कुठल्यातरी कंपनीत शांपूच्या बाटलीवर 'हर्बल' लिहायला जाईल, आणि मी मोबाईलला काच चिकटवायला शिकेन.

* * *

आमचा निम्मा माल गडचिरोलीच्या जंगलातला. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, पळसाची फुलं. एकदा हकीमसाहेब स्वतः धानोऱ्याकडून हिरड्याची पिशवी घेऊन एसटीनं येत होते. वाटेत जंगल खात्याच्या नाक्यावर गार्डानं पिशवी उतरवली.

"याची पावती?"

साहेबांनी खिसे चाचपले. पावती ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याच घरी राहिली होती.

"मग जप्त," गार्ड म्हणाला आणि पिशवी टेबलाखाली सरकवली. सरकवताना तो वाकला, आणि पोट धरून "आई गं" म्हणाला. साहेबांचे कान टवकारले. चेहरा पाहिला, जीभ दाखवायला सांगितली.

"पोट साफ होत नाई न तुमचं?"

गार्ड वरमला. "गंज दिवस झाले जी. ड्युटीच अशी हाय. यावर का हाय औषध?"

"हिरडा. रोज रात्री चूर्ण, कोमट पाण्यात."

"कुठी भेटते?"

"तुमच्या टेबलाखाली हाय."

गार्डानं टेबलाखाली पाहिलं. मग साहेबांकडे. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "जप्तीचा माल मले खाता येत नाई जी. नियम हाय."

"मंग जप्त नोका करू," साहेब म्हणाले. "मंग खाता येईल!"

पुढच्या एसटीत पिशवी साहेबांच्या मांडीवर होती. पावतीही तिसऱ्या दिवशी नाक्यावर पोचवली, त्यातही साहेब पक्के. गार्डाचं पोट आता बरं आहे.

* * *

दुपारी दवाखाना रिकामा झाला की एक वेगळी जात येते. एकेकटे पुरुष. बाईक लांब लावतात, हेल्मेट काढत नाहीत.

यातला कुणीही स्वतःसाठी आलेला नसतो. सगळे मित्रासाठी! आपल्या जिल्ह्यातल्या पुरुषांना मित्राची इतकी काळजी असते हे मला इथेच कळलं. बाप रे, काय ती मैत्री!

एक जण असाच आला. हेल्मेटच्या आतून म्हणाला, "माह्या मित्राले जरा... कमजोरी हाय."

हकीमसाहेब गंभीरपणे म्हणाले, "मित्राले शुगर हाय का?"

तो थबकला. "थांबा, विचारतो." मोबाईल काढला नाही, काही नाही. तसाच छताकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "हाय."

"झोप येते का त्याले?"

पुन्हा छताकडे. "नाई येत म्हनते."

साहेबांनी असगंध, म्हणजे अश्वगंधा, घातलेलं माजून दिलं आणि बजावलं, मित्रानं आंबट बिलकुल खायचं नाही. चिंच, लिंबू, कैरी, सगळं बंद.

दोन आठवड्यांनी एक बाई आली, थेट माझ्याकडे. म्हणाली, "ताई, तुमच्याकडून औषध नेते थो मित्र कोन हाय? त्याले आंबट चालत नाई म्हून आमच्या घरचं लोणचं माह्या नवऱ्यानं फेकून देल्लं!"

* * *

मोहर्लीच्या बाजूला, वाघाच्या जंगलाला लागून, एक नवं रिसॉर्ट झालंय. तिथला मॅनेजर पुण्याचा. तो एक दिवस आला, बरण्यांचे फोटो काढले, माझाही काढला, आणि म्हणाला, "सर, आमच्या गेस्टना काहीतरी ऑथेंटिक हवं असतं. वाघ दिसेलच असं नाही. निदान काढा तरी दिसायला हवा!"

साहेबांनी जोशांदा लिहून दिला. जोशांदा म्हणजे उकळून प्यायचा काढा. चिरायता, गुळवेल, ज्येष्ठमध, आणखी दोन-चार गोष्टी. नसरीन शनिवारी-रविवारी जाऊन तो करून देऊ लागली.

पहिल्याच शनिवारी पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि कप कुंडीत ओतले. चिरायता तो! मॅनेजर म्हणाला, "मॅडम, जरा मध घालूया." मध घातला. मग म्हणाला, "चिरायता थोडा कमी." कमी केला. मग गुळवेल गेली, कारण फोटोत काळपट दिसते. मग लिंबू आलं. मग गवती चहा. महिनाभरानं म्हणाला, "रंग येत नाही, चिमूटभर चहापत्ती टाकू का?"

एक दिवस त्यानं हकीमसाहेबांना मुद्दाम नेलं. पांढऱ्या कपात 'नवाबी जोशांदा' आला. शेजारी एक पाहुणा डोळे मिटून म्हणत होता, "फरक जाणवतोय. आतून हलकं वाटतंय."

हकीमसाहेबांनी कप संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "चहा चांगला हाय. बिस्कूट भेटन का?"

मॅनेजर मात्र नसरीनवर खूष. त्यानं तिला कायमची नोकरी देऊ केली. वेलनेस कन्सल्टंट! राहायला खोली, जेवण, गणवेश. नसरीन हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्या आठवड्यात हकीमसाहेबांनी कुणालाच वांगं सांगितलं नाही.

* * *

याच्या वर्षभर आधी गडचिरोलीकडच्या एका गावात 'औषधी वनस्पती उद्यान' निघालं होतं. एका पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन, आणि तज्ज्ञ म्हणून आमची नसरीन. असगंध, शतावरी, गुळवेल, बावची. प्रत्येक रोपाला सुंदर बोर्ड. मीही गेले होते, जेवण चांगलं होतं.

यंदा पुन्हा निमंत्रण. पुन्हा उद्घाटन! गेलो तर बोर्ड नव्यानं रंगवलेले, रोपं गायब. बकऱ्यांनी सगळं साफ केलं होतं. अडुळसा तेवढा उभा, कारण त्याला बकरी तोंड लावत नाही.

नसरीननं संयोजकाला विचारलं, "रोपं कुठे आहेत?"

"मॅडम, बोर्ड हाय न! वाचून समजते लोकांले."

पुढाऱ्यानं नारळ फोडला, भाषण केलं, आणि कॅमेऱ्यासमोर एका म्हाताऱ्या बाईला जवळ बोलावलं. "बोला आजी, या उद्यानाचा गावाले फायदा झाला का?"

"झाला न जी!" आजी हात जोडून म्हणाली. "बकऱ्या मोप तंदुरुस्त झाल्या. आता नवीन कवा लावता?"

* * *

आता वच्छलाबाईची गोष्ट.

वच्छलाबाई मूलच्या रस्त्यावरच्या एका धानाच्या गावातली. वय साठीच्या पुढे, आवाज ट्रॅक्टरचा. आमच्याकडे येते ती एकटी नाही, ऑटो भरून बाया घेऊन. गावातल्या बायांनी कुणाकडे ब्लाऊज शिवायचे, कुणाकडून बांगड्या भरायच्या आणि कुणाचं औषध घ्यायचं हे वच्छलाबाई ठरवते. ती उठली की ऑटो उठतो.

नोकरीचं बोलणं झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात हकीमसाहेब पुतणीच्या लग्नाला सिरोंच्याला गेले होते. रिसॉर्टवाल्यानं नसरीनकडे सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिनं बीपीचं मशीन डब्यात घालूनही ठेवलं होतं. मी विचारलं नाही. मला उत्तर दिसत होतं, आणि जीव तुटत होता.

तेवढ्यात ऑटो आला.

"साहेब नाई?" वच्छलाबाईनं दारातूनच विचारलं.

"लग्नाले गेले."

तिनं मागे वळून पाहिलं. ऑटोवाला नाश्त्याला गेला होता. बाकीच्या बाया बाहेर बाकावर बसल्या. वच्छलाबाई आत आली, नसरीनसमोरच्या खुर्चीत बसली. हात पुढे, तोंड बंद.

नसरीननं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, विचारू नको गं बाई, आज तरी विचारू नको! कोण जाणे तिच्या मनात काय आलं, तिनं तोंड मिटलं. तीन बोटं मनगटावर ठेवली आणि गप्प बसली.

वच्छलाबाई छताकडे पाहत होती, नसरीन मनगटाकडे. मी माजून ढवळत होते. बाहेर कागदाच्या मिलचा भोंगा झाला.

"किती वेळ धरतं?" वच्छलाबाई म्हणाली.

"धरू द्या, मावशी."

वच्छलाबाईनं पायानं चप्पल चाळवली.

"साहेब तर लवकर सोडते."

नसरीननं हात सोडला नाही.

"सून म्हनते, तुले काई नाई झालं, तू नाटक करतं."

नसरीननं नुसती मान हलवली.

"कल्पना नाव हाय तिचं. नावच चांगलं हाय फक्त!"

आणि मग जे सुरू झालं! सून झाली, मुलगा झाला. तो हैदराबादला कामाला, फोन करतो तो सुनेलाच. गुडघा झाला. रेशनच्या तांदळानं पोटात वायू धरतो ते झालं. मरून गेलेली सासू झाली, तिच्यावरचा राग अजून ताजा. तळाशी माजून लागायला लागलं तरी मला गॅस कमी करायचं सुचेना. नसरीन हात धरून ऐकत होती.

आणि रेशनच्या तांदळाच्याच सुरात वच्छलाबाई म्हणाली, "अन इथी गाठ हाय." दुसरा हात तिनं पदराखाली छातीपाशी नेला. "गंज दिवस झाले. साहेबाले कसं सांगू? बाप्या मानूस थो."

मी गॅस बंद केला. इतकी वर्षं ही बाई आमच्याकडे हात पुढे करत होती, आणि मी तिला वायूच्या पुड्या बांधून देत होते.

नसरीननं तेव्हाच हात सोडला. उठून पडदा नीट ओढला, तपासलं. मी पाठ करून उभी होते. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, अगदी हळू. "मावशी, याची पुडी माझ्याकडे नाही. उद्या सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात जाऊ. मी येते सोबत."

"तू येतं?"

"येते."

"मंग चाल," वच्छलाबाई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "माजून तरी दे. खाली हातानं जाऊ का?"

मी डबी भरून दिली. तळाशी लागलेलंच होतं, पण दिलं. गाठ पुढे साधी निघाली, डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि वच्छलाबाईचा आवाज पुन्हा ट्रॅक्टरचा झाला. पण ते नंतर. त्या क्षणी आम्हा तिघींपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं, आणि पडद्याआड नसरीन ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकली होती.

वच्छलाबाई डोळे पुसून, पदर सारखा करून बाहेर गेली. बाकावरच्या बाया उठल्याच.

"का वो? पोट्टीले येते का काई?"

"अवो बाई!" वच्छलाबाईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "एक शब्द नाई विचारला तिनं! नुसता हात धरला, अन माह्या घरातलं, पोटातलं, समदं तिनंच भडाभडा सांगून टाकलं! सुनेच्या नावासगट!"